घंटीनंतरचं बोलणं

मामा,

परवा, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला अर्धं वसमत आलं होतं आणि जो तो मला एकच सांगून गेला, "सिस्टर, लई केलं तुमी म्हाताऱ्याचं." तुमच्यासोबत नोकरी केलेल्या एका कंडक्टरकाकांनी तर माईक हातात घेऊन सांगितलं, की सून असावी तर अशी, हिंगोलीत बसून रोज सासऱ्याचा आवाज तपासत होती. टाळ्या वाजायच्याच काय त्या बाकी होत्या. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं रडतेय. मी रडत नव्हते मामा. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं. कारण त्या अख्ख्या मांडवात मला एकटीलाच ठाऊक होतं, की मी तुमचा आवाज ऐकतच नव्हते.

शंभरावर दिवस मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमच्या मुलाला, मिलिंदला, हे अजून माहीत नाही. त्याला सांगायचं म्हटलं की जीभ रेटत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगते. तुम्ही निदान मधे बोलणार नाही.

लग्न होऊन मी वसमतला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, की माझ्या सासऱ्याला गावातला माणूस न् माणूस आवाजाने ओळखतो आणि चेहऱ्याने फारसं कुणी ओळखत नाही. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून तीस वर्षं तुम्ही गाड्या पुकारल्या. बाजारात "वांगी कशी दिली" एवढं म्हणालात की भाजीवाली मान वर करायची, "अगं बाई, हे तर फलाट नंबर तीनवाले!" मग दोन वांगी जास्तीची पडायची आणि तुम्ही ती परत टोपलीत टाकायचा.

आणि काय तो वेग! "प्रवाशांनी लक्ष द्यावे, वसमतहून शिरड शहापूर, औंढामार्गे हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." हे सगळं एका दमात, मधे श्वास नाही, स्वल्पविराम नाही. मी नवी नवरी, तरी एकदा भांडलेच. म्हटलं, मामा, एवढ्या वेगात कोणाला काय कळत असेल? तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "पोरी, प्रवाशाला फकस्त आपल्या गावाचं नाव ऐकू येतंय. बाकीचं कोन ऐकून राहिलं?" मी हसले होते. पुढे किती तरी वेळा हे तुमचं वाक्य मी दवाखान्यात सांगून लोकांना हसवलं.

मला नर्सिंगला तुम्ही घातलंत. तुमच्या बहिणीने, आत्याबाईंनी, तोंड वाकडं केलं होतं. सुनेला रोज नांदेडला पाठवायचं म्हणजे घराला कुलूपच लावायचं की, असं म्हणाल्या. "लावू कुलूप," तुम्ही म्हणालात, "चाबी माझ्याजवळ ऱ्हाईल." झालं, विषय संपला. तीन वर्षं मी सकाळच्या नांदेड गाडीने गेले. मला उशीर झाला की बाजारगल्लीच्या तोंडाशी पळत येणारी मी तुम्हाला खिडकीतून दिसायची. मग तीच गाडी तुम्ही दुसऱ्यांदा पुकारायचा, तिसऱ्यांदा पुकारायचा. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. पण खिडकीतला कंट्रोलर पुकारतोय तोवर गाडी काढायची कशी? मी दांडी धरून वर चढले की तुमचा आवाज बंद. माझ्या सर्टिफिकेटवर कॉलेजचा शिक्का आहे, पण मी सिस्टर झाले ती तुमच्या तिसऱ्या पुकारण्यामुळे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तुम्हाला अर्धांगवायूचा हलका झटका आला. तोंड जरासं वाकडं झालं, दोन दिवस शब्द सापडेनात, मग सगळं जागेवर आलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, यांच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा. मंदावलं, अडखळलं, हातापायात काही वाटलं, तर वाट बघत बसू नका." मी तुम्हाला म्हटलं, इथं एकटे राहू नका, आमच्याकडे हिंगोलीला चला. तुम्ही म्हणालात, "हिंगोलीत मला कोन वळखतंय? हितं मी नुसता खोकललो तरी लोकायला कळतंय." हा वाद आपला अर्धाच राहिला. मी दोनदा म्हटलं आणि सोडून दिलं. आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही तर हेही सांगते, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं. दोन खोल्यांचं घर, माझ्या ड्युट्या, पोरीची दहावी. तुमचा हट्ट माझ्या पथ्यावर पडला.

त्याच सुमारास आमच्या दवाखान्यात ते अ‍ॅप आलं. झटका येऊन गेलेल्या माणसाने रोज सकाळी एक मिनिट मोबाईलसमोर बोलायचं. मिनिट झालं की घंटी वाजते. मिनिटात किती शब्द झाले ते मोबाईल मोजतो. बोलणं नेहमीच्या वेगाने असेल तर घरच्या माणसाच्या मोबाईलवर हिरवा ठिपका येतो, मंदावलं तर पिवळा, फारच मंदावलं तर लाल. नातेवाइकांना हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. आणि मी काय बजावून सांगायची! "हे बघा, पाठ असलेलं काही म्हणायचं नाही. आरती नको, वंदना नको, पाढे नको. पाठ असलेलं तोंडातून आपोआप पळतं, त्यावरून काही कळत नाही. काल काय केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. आणि नुसता ठिपका बघून थांबायचं नाही. खालची खूण दाबून आवाज ऐकायचा, रोज." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेत मी दहा वेळा लिहिली असेल.

तुमच्या मोबाईलमध्ये ते घालून दिलं त्या दिवशी मला साडेअकराची गाडी गाठायची होती. तुम्ही चष्मा पुसून, शर्टाचं वरचं बटण लावून मोबाईलसमोर बसलात, आणि तीस वर्षं माईकसमोर न अडलेला माणूस अडला.

"काल सकाळी... काल काय केलं बुवा मी?" तुम्ही मोबाईलकडे बघून थांबलात. "वैशाली, ह्याला काहून सांगू मी काल काय केलं? ह्यो माझा कोन लागतो?"

माझं लक्ष घड्याळाकडे. मी म्हटलं, "मामा, काहीही बोला हो. तुमच्या गाड्या पुकारा."

तुमचा चेहरा उजळला. पाठ ताठ झाली. हिंगोली, परभणी, नांदेड, कळमनुरी, एकामागून एक गाड्या सुटल्या. घंटी वाजली, हिरवा ठिपका आला.

"पास झालो का?"

"पहिला नंबर," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

हे फक्त आजच्यापुरतं, उद्यापासून आपल्या शब्दांत बोलायचं, हे सांगायचं राहिलं. घंटी झाली की लाल गोल दाबून बंद करायचं, हेही राहिलं. शिरड शहापूर आल्यावर दोन्ही आठवलं. म्हटलं, संध्याकाळी फोनवर सांगू.

चार-पाच दिवसांनी एकदा ड्युटीवर मी ती खालची खूण दाबली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" ऐकलं आणि मला हसूच फुटलं. सोबतच्या सिस्टरलाही ऐकवलं. दहा सेकंदांत बंद केलं. मामा, मला तेव्हाच कळलं होतं. हे चुकलंय, यातून काहीही समजणार नाही, हे मला त्या दहा सेकंदांत स्वच्छ कळलं होतं. दुसऱ्या कोणा पेशंटचं असं झालं असतं तर त्याच्या नातेवाइकाला मी वऱ्हांड्यात उभं करून झाडलं असतं. पण तुम्हाला पुन्हा शिकवायचं म्हणजे वसमतला यायचं, निवांत बसायचं, काल काय केलं हे तुमच्याकडून बोलून घ्यायचं. त्याला एक सुट्टी गेली असती. आणि ठिपका तर हिरवा होता. मिलिंदला दाखवता येत होता, डॉक्टरांना दाखवता येत होता. मला तो हिरवा ठिपका सोयीचा होता.

संध्याकाळी मी फोन केला की तुमचा ठरलेला प्रश्न. "ऐकलं का पोरी सकाळचं?"

"ऐकलं मामा. एकदम मस्त."

"मंग, काळजीचं काही न्हाई ना?"

"काही नाही मामा. निवांत राहा."

कधी भाकरी थापताना, कधी कपडे वाळत घालताना, मोबाईल खांद्यात धरून मी हे म्हणत होते. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आपलं पुकारणं अजून जमतं का ते विचारायचंय. वाटायचं, शाबासकी हवी आहे.

मग रफिकभाईंचा फोन आला. तुमचे शेजारी, पंख्याच्या जळलेल्या मोटारींत तार भरून देणारे. वसमतभर हळद शिजत होती ते दिवस. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "सिस्टर, बुरा नका मानू. काका अटकून अटकून बोलून राहिले. काल माझ्यापाशी चाय मांगायलाबी टाइम लागला त्यायला."

माझा आवाज लगेच ड्युटीवरचा झाला. "रफिकभाई, त्यांचं बोलणं आम्ही रोज मोजतो. सकाळचाच आकडा आहे माझ्याकडे. चांगला आहे."

ते म्हणाले, "बराबर हाय. मी काय डॉक्टर न्हाई सिस्टर. रोज संगं बसतो, म्हनून बोललो."

तुमच्यासमोर बसून चहा पिणारा माणूस सांगत होता आणि मी पन्नास कोसांवर असल्यासारखी उंटावरून शेळ्या हाकत होते. हिंगोली ते वसमत, एका गाडीचा तर प्रवास. त्या गाडीचं वेळापत्रक तुम्ही मला लग्नानंतर आठ दिवसांत पाठ करून घेतलं होतं. त्या फोननंतर अकराव्या दिवशी सकाळी ठिपका आला नाही. मी समजले, मोबाईल चार्ज केला नसेल. रफिकभाईंनी दार तोडलं तेव्हा नऊ वाजले होते. नांदेडला दोन दिवस तुम्ही डोळे उघडे ठेवून पडून होतात आणि तुमच्या तोंडातून एका गावाचंही नाव निघालं नाही. आदल्या दिवशीचा ठिपका हिरवा होता.

तुम्हाला निरोप देऊन आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मला फक्त तुमचा आवाज हवा होता. मी एक सकाळ लावली. प्रवाशांनी लक्ष द्यावे, शिरड शहापूर, औंढा, हिंगोली. घंटी वाजली. मी बंद करणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हां. झालं ह्याचं. वैशाली, आता तुझ्यासंगं बोलतो."

मी बोट मागे घेतलं.

मोबाईल आपोआप बंद होईपर्यंत पाच मिनिटं आवाज घेत राहतो. मी लाल गोल दाबायला शिकवलंच नव्हतं. त्यामुळे रोज मिनिटभर तुम्ही मशीनचं काम करून टाकायचा आणि उरलेली चार मिनिटं माझ्याशी बोलायचा. एक दिवस चुकला नाही. सुरुवातीला साधंच. मेथी कडू निघाली. नातीला म्हणावं, गणिताचा पेपर आधी सगळा वाचून घे. मिलिंदने आठ दिवस फोन केला नाही, पण त्याला बोलू नको, त्याच्या मागं काम लई असतंय. पुढे पुढे दोन शब्दांतलं अंतर वाढत गेलं. घंटीच्या आधीच्या गाड्या तशाच पळत होत्या, अक्षरं एकमेकांवर चढत होती तरी पळत होत्या. घंटीनंतर तुम्ही एकेक शब्द शोधून आणत होतात. मशीनने ते मोजलं नाही, आणि मी ऐकलं नाही.

"आज... डाव्या हाताला मुंग्या येऊन राहिल्या. कप सांडला. मिलिंदला सांगू नको, घाबरंल त्यो. तू सिस्टर हायस. तुला सांगितलं म्हंजे... दवाखान्यात सांगितल्यासारखंच."

त्यानंतरच्या सकाळी पुन्हा, "काल संध्याकाळी तुला इचारलं. तू म्हनली, ऐकलं, काही न्हाई, निवांत ऱ्हावा. मंग... ऱ्हायलो निवांत."

हे मी एकदाच ऐकलं. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. रोज संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या हाताबद्दल विचारत होतात आणि मी भाकरी थापत तुम्हाला सांगत होते की काही नाही. दुसऱ्या कुणाचं तुम्ही ऐकलं नसतं. माझं ऐकलंत, कारण मला सिस्टर तुम्ही केलं होतं.

मला तुमचा रागही येतो मामा. इतकं होत होतं तर फोनवर सरळ का नाही म्हणालात, पोरी, हात उचलत नाही? रफिकभाईंना का नाही सांगितलं? बसस्थानकासमोर रिक्षा उभ्या असतात, एकीत बसून दवाखान्यात का नाही गेलात? असं मनातल्या मनात भांडते, आवाज चढवते, आणि मग आठवतं. तुम्ही सांगितलंच होतं. रोज सकाळी, चष्मा पुसून, सांगत होतात.

त्यातल्याच एका सकाळी तुम्ही असंही म्हणालात, मधे थांबत थांबत, की मी बाजारगल्लीतून पळत यायची ते बघायला तुम्हाला लई बरं वाटायचं. कधी कधी गाडी सुटायला वेळ असायचा तरी तुम्ही तिसऱ्यांदा पुकारायचा. "सुनेचं नाव... माईकवरून घेता येत न्हाई ना. म्हनून मंग गाडी पुकारायचो." हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. हे ऐकून मात्र मी रडले, अगदी शेजारीण येऊन दार वाजवेपर्यंत.

आता दवाखान्यात नवीन नातेवाईक आले की मी दुसऱ्या सिस्टरला पुढे करते. "आवाज ऐका, रोज ऐका" हे माझ्या तोंडाला शोभत नाही. लोक विचारतात, तुमच्या सासऱ्यांचं तर तुम्ही रोज बघत होता ना? मी हो म्हणते. बघतच होते.

इथवर लिहून मी कागद तसाच ठेवला होता. काल रविवारी सकाळी चहा पिताना मिलिंद म्हणाला, "वैशू, बाबांचं ते पुकारणं आहे ना तुझ्याकडं? एखादं दे मला. मोबाईलमध्ये ठेवतो." त्याचे डोळे अजून सुजलेलेच असतात. मी म्हटलं, देते. अ‍ॅपमध्ये कापायची सोय आहे. पहिलं मिनिट घंटीपर्यंत कापून द्यायचं, की झालं. खरं तर एक मी कापूनही ठेवलं होतं, तो मागणार हे मला माहीत होतं म्हणून. त्याला गाड्या मिळाल्या असत्या, मला माझी अब्रू. परवाचा कंडक्टरकाकांचा माईक आठवला. सून असावी तर अशी.

मी कापलेलं पुसून टाकलं आणि शेवटची सकाळ पूर्ण लावली. मोबाईल आमच्या दोघांच्या मधे, चहाच्या ट्रेमध्ये ठेवला. तुम्ही गाड्या सोडायला लागलात. मिलिंद ओठांतल्या ओठांत तुमच्यासोबत म्हणत होता, लहानपणापासून पाठ आहेत त्याला. हसतही होता जरासा. घंटी वाजली. त्याने बंद करायला हात पुढे केला. मी तो धरला.

"थांब," मी म्हटलं. "अजून आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता तुमचा श्वास. मिलिंदचं हसू गेलं.

"वैशाली," तुम्ही म्हणालात. परत श्वास. "ऐकून... राहिली ना... पोरी?"

मिलिंदने माझ्याकडे बघितलं.

"न्हाई मामा," मी म्हटलं. "ऐकत नव्हते."